मुरबाडकडच्या तीन 'सोळाशे'

आमची लाल 'सोळाशे' दोन वर्षं सोसायटीच्या भिंतीशी उभी होती. वेगाचं वेड असलेल्यांसाठी कंपनीनं एका छोट्या गाडीत सोळाशे सीसीचं इंजिन बसवलं, मोजक्या गाड्या विकल्या आणि प्रकरण गुंडाळलं. गिअरबॉक्स फुटला तेव्हा कळलं की नवा कुठेच मिळत नाही. तेव्हापासून आम्ही काही येडे फोनाफोनी करून कुठे कोणती जिवंत आहे याचा माग काढायचो. एखादी दिसल्याची खबर आली की मला घास गोड लागायचा नाही.

२००७च्या एप्रिलात आमच्यातल्याच अजितनं खबर दिली: शहापुरात पिवळी, धसईत काळी, वैशाखऱ्यात पांढरी. तीनपैकी एक मोडून गिअरबॉक्स काढला तरी दोन उरतात, म्हणजे पाप लागायचं नाही. रविवारी सकाळीच मोटरसायकलला पान्यांची पिशवी बांधली. बायको, वंदना, मागे बसली. "तुम्हाला एकट्याला सोडलं तर गिअरबॉक्स आणायला जाऊन अख्खी गाडी आणाल," ती म्हणाली.

डोंबिवलीहून नाशिक हायवे धरला की शहापूर लवकर येतं. स्टँडसमोर मिसळ बरी मिळते, पण मी दोन घास खाऊन उठलो. पिवळीच्या मालकाचं टायरचं दुकान मागच्याच गल्लीत होतं.

"कवाच दिली ती," तो म्हणाला. "धसईच्या मेव्हन्याला. लय पेट्रोल पिते हो!"

तोंड उतरलं. पण धसईत काळी होतीच की! जाणाऱ्यांनी पेट्रोल शहापुरातच भरून घ्यावं. पुढे किन्हवली-सरळगाव रस्ता अरुंद आहे आणि वाटेत पंपाचा भरवसा नाही. करवंदांच्या जाळ्या दिसल्या तशी वंदना थांबा म्हणाली. मी थांबलो नाही. 

मेव्हणा बाजारात भाजीच्या टेम्पोपाशी उभा होता.

"काळी ना? मीच केली काळी. पिवळीपरीस झ्याक दिसंल असं वाटलं," तो म्हणाला. "पन लग्नाला कोन मागंना. काळ्या गाडीतून नवरी न्यायची म्हनल्यावर म्हातारी मानसं अंगावर आली. मंग वैशाखऱ्याच्या काशिनाथला देऊन टाकली. त्यानं पांढरी केली."

मी मटकन तांदळाच्या पोत्यावर बसलो. पिवळी, काळी, पांढरी, सगळी एकच गाडी! वंदनाला हसू आवरेना. "तीन गाड्या कसल्या, तीन डबे रंग मोजलेत तुम्ही," ती म्हणाली.

टोकावड्याच्या ढाब्यावर चाळीस रुपयांत पिठलं, तांदळाची भाकरी आणि भात मिळतो. वंदना व्यवस्थित जेवली. मी बाहेर येरझाऱ्या घालत होतो. मोडायला आता एकच उरली होती.

वैशाखऱ्यात काशिनाथच्या खळ्यात ती उभी होती, बॉनेटवर कालचा सुकलेला झेंडू.

"गिअरबॉक्स पायजे? काढा की," काशिनाथ म्हणाला. "लग्नसराई सरली का भंगारातच देनार हाय. एक्सल खडखडतो, सामान मिळत नाय."

आतून त्याची बायको ओरडली, "उद्या मोरोशीची नवरी न्यायचीय, इसरलात काय?"

"मंग परवा काढा," काशिनाथ हसून म्हणाला आणि एक चक्कर मारायला चावी माझ्या हातात दिली.

वंदना शेजारी बसली. घाटाच्या दिशेनं चढ लागला आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये दाबली. दोन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता.  काशिनाथचा गिअरबॉक्स ठणठणीत, माझा एक्सल ठणठणीत. दोन्ही मिळून एकच धड गाडी होणार होती.

"कोणती?" वंदनानं विचारलं.

उत्तर ठरलेलंच होतं, माझी! पण ही दर आठवड्याला एखादी नवरी घेऊन गावोगाव फिरते, आणि आमची चालत होती तेव्हासुद्धा मी ओरखड्याच्या भीतीनं तिला कव्हरखालीच ठेवायचो. हे त्या चढावर कळलं आणि स्वतःचाच राग आला.

"भंगारात देऊ नका," परत येऊन मी म्हणालो. "एक्सल मी आणून देतो."

"आनि तुमचा गिअरबॉक्स?"

"राहू दे तिथंच."

मुरबाड-कल्याण रस्त्यानं परतताना तीनदा वाटलं, मागे फिरावं. वंदनानं खांद्यावर हात ठेवला होता.

पुढच्या रविवारी आमच्या गाडीखाली विटा लावून एक्सल काढला. लहानपणचं खेळणं शेजारच्याला द्यावं तसं वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही. पोतं गुंडाळून तो मोटरसायकलला बांधत होतो, तेवढ्यात अजितचा फोन आला.

"काय रे, ठाणे जिल्ह्यात आता नेमक्या किती जिवंत?"

"एक," मी म्हणालो. त्यात पहिल्यांदाच मी आमची धरली नव्हती.