आमची मर्डरबाई

झाडावर कावळे जमलेले दिसले की ती सफारीच्या उघड्या जिप्सीत उभी राहायची आणि मोठ्यानं म्हणायची, "मर्डर!" पर्यटक दचकायचे. एकदा तर मागच्या सीटवरच्या बाईंनी पर्स छातीशी धरली. मग ती शांतपणे सांगायची, "घाबरू नका. इंग्रजीत कावळ्यांच्या थव्याले मर्डर म्हणतेत. म्हणजे खून. नाव मी नाई ठेवलं." चंद्रपूरकडच्या जंगलात आमच्या गेटवर गाइड झालेल्या पहिल्या पाच बायकांत ती सगळ्यांत मोठी, मी सगळ्यांत लहान. तिचं खरं नाव ड्युटीच्या यादीपुरतं होतं. एरवी ती मर्डरबाईच.

शिक्षण सातवी. एका म्हाताऱ्या परदेशी पाहुणीनं जाताना तिला चित्रांचं पुस्तक दिलं होतं. कुठल्या प्राण्यांच्या घोळक्याला इंग्रजीत काय म्हणतात, एवढंच त्यात होतं. कॉलेजातली भाची अर्थ सांगायची आणि बाई समासात देवनागरीत लिहून घ्यायची. घुबडांची पार्लमेंट, म्हणजे संसद. वाघांचा अ‍ॅम्बुश, म्हणजे दबा धरणं. "हे बराबर हाय," ती म्हणायची. "वाघ पाह्यलेल्या माणसानंच लिवलं असन."

अस्वलांपाशी मात्र तिचं इंग्रजीशी बिनसलं. अस्वलांच्या घोळक्याला स्लॉथ, म्हणजे आळस म्हणतात, हे कळल्यावर ती भडकलीच. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या दिराचा गाल अस्वलानं फाडला होता. "आळशी? ज्यानं हा शब्द केला त्याले मोहाखाली उभा करा!" तिनं तो शब्द पेनानं खोडून टाकला.

मग गेटवर नवे साहेब आले. इंग्रजी न येणाऱ्यांना परदेशी पाहुण्यांच्या फेऱ्या मिळणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं, आणि तोंडी परीक्षा ठेवली ती फक्त आम्हा पाच जणींची. पुरुष गाइडांचं इंग्रजी आमच्याइतकंच होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

ती पहिली आत गेली. आम्ही दाराशी उभ्या.

"काहीतरी इंग्रजीत बोला," साहेब म्हणाले.

"अ पार्लमेंट ऑफ आउल्स."

साहेब हसले. "बाई, काहीही बनवून सांगू नका."

तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. साहेबांनी पानं उलटली, हसू मावळलं. अस्वलाच्या पानावर ते थांबले. "हे का खोडलं?"

"चुकीचं हाय म्हणून."

"छापलेलं पुस्तक चुकीचं?"

"पुस्तकवाल्यानं अस्वल पाह्यलंच नसन, साहेब."

साहेबांनी कागदावर खूण केली. "तुम्ही पास. पुढचीला पाठवा."

ती उठली नाही. "पुढची कोणी येनार नाई. आधी भाऊलोकांची परीक्षा घ्या, मंग आमची. तवर आमी इथीच बसून राह्यतो."

बाहेर येऊन ती व्हरांड्यात बसली. आम्हीही बसलो. आता कायमचं घरी बसावं लागणार, असंच मला वाटत होतं. तिनं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. दुपारच्या फेरीची वेळ झाली. पुरुष गाइड आधी इकडेतिकडे पाहत राहिले. मग त्यांच्यातला सगळ्यांत जुना गाइड येऊन आमच्या शेजारी बसला. त्याच्यामागून बाकीचे. जिप्सींची रांग गेटाशी तशीच उभी. शेवटी साहेब बाहेर आले, कुणाकडे न पाहता म्हणाले, "जुन्या यादीनंच फेऱ्या चालू द्या."

पुढे काही वर्षांनी जिप्सीच्या धक्क्यांनी तिची पाठ गेली. डॉक्टरांनी गाडीत बसायला मनाई केली. कामाच्या शेवटच्या दिवशी मी तिच्याकडे पुस्तक मागितलं.

"नाई," ती म्हणाली. "ते माझं हाय. तुझं तू पाह्य."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या सकाळी परदेशी पाहुण्यांची फेरी माझ्या नावावर निघाली. रानडुकरांनी रस्ता ओलांडला, पिल्लांसकट. यांच्या घोळक्याला काय म्हणतात, असं एका पाहुण्यानं विचारलं. इंग्रजी शब्द मला ठाऊक नव्हता. मी म्हणाले, "कळप."

"कलप," तो म्हणाला.

मी नकारार्थी मान हलवली आणि ड्रायव्हरभाऊला थांबायला सांगितलं. 'ळ' नीट येईपर्यंत मी जिप्सी पुढे जाऊ दिली नाही.