आइस्क्रीमच्या गोदामातले लाडू

ग्रीनलंडच्या पूर्व भागात काही डोंगर आहेत, ज्यांच्यावर अजून कुणी चढलेलंच नाही. तिकडे जाणाऱ्या टीममध्ये माझं नाव आलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि इंदूरला राहत होते. इंदूरला! जिथे डिसेंबरात पंखा बंद केला की लोक स्वेटर शोधायला लागतात. हिमालयात मी बरीच वर्षं जात होते, पण हे प्रकरण वेगळं होतं. तिथे आपलं सामान बर्फावरून घसरगाडीवर घालून आपणच ओढायचं असतं.

त्याचा सराव म्हणजे टायर ओढणं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला ट्रकचा जुना टायर. बँकेत जायच्या आधी, सकाळी सकाळी, मी हातोदच्या रस्त्याला हे लचांड ओढत चालायची. एकदा मोटारसायकलवरचे दोघं थांबले. एकाने विचारलं, "दीदी, गाड़ी किधर छोड़ आईं?" मागे बसलेला त्याला म्हणाला, "रेने दे भिया, मन्नत होगी." मला असा संताप आला म्हणता! त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लांब गेले.

पण हे लोक परवडले. खरी चढाई घरात होती. घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. आजोबा महूच्या फौजेतले, दूरदूरच्या लढाईच्या मोर्च्यांवर जाऊन आलेले. मी आपलं ऐटीत म्हटलं, "आई, आपल्या खानदानातच आहे हे." आई फटकन म्हणाली, "त्यांना सरकारनं पाठवलं होतं. तुला कोणी बोलावलंय?"

"थंडी किती असते तिथे?" तिचा पुढचा प्रश्न. "असते थोडी," मी म्हटलं, "आपल्या सांवेरला जानेवारीत शेतात असते ना, तशी. जरा जास्त." आईने मान डोलावली आणि कपाटातून कानटोपी काढून ठेवली. मी सुटले.

मग तिने खाण्याचं काढलं. तिथे पाकिटातलं सुकं अन्न, गरम पाणी घालून खायचं, हे ऐकूनच तिने नाक मुरडलं. वरचं खाणं थोडं आपलं आपण नेता येत होतं, तेवढी जागा तिने लगेच बळकावली. डिंकाचे लाडू! खारीक, खोबरं, भरपूर तूप, एकेक लाडू मुठीएवढा. दोन दिवस घरात डिंक तळल्याचा वास होता आणि आई गुणगुणत होती. चला, मी मनात म्हटलं, आईसाहेब पटल्या.

आणि इथे मी शहाणपणा केला. थंडीत कुठला पदार्थ कसा राहतो ते आधी तपासा, असं लीडरने सांगितलं होतं. माझ्या कॉलेजातल्या एका मित्राचं सांवेर रोडला आइस्क्रीमचं गोदाम आहे. तिथल्या कोल्ड रूममध्ये मी चार लाडू दोन दिवस ठेवले आणि मग आइस्क्रीमच्याच थर्माकोलच्या खोक्यात घालून घरी आणले. ओट्यावर एक ठेवला. टण्ण! आईने दाताने प्रयत्न केला. मग सुरीने. मग बत्ता घेऊन दाणकन घातला, तर लाडू उडून फ्रिजवर आपटला. फ्रिजला पोचा पडला, लाडवाचं काही बिघडलं नाही. मला हसू आवरेना. "आई, अगं याला दोर बांधून मी लटकू शकते!"

आई हसली नाही. तिने तो लाडू उचलला, तळहातावर धरला, बोटांना चटका बसला तशी ओट्यावर ठेवला. मग माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून बघायला लागली.

"लाडवाचं हे होतंय," ती म्हणाली, "तर यांचं काय होईल गं?"

सांवेरचा जानेवारी तिथेच संपला. कुणी सांगितलं नसतं तर तिला कधी कळलं नसतं. मीच ती थंडी खोक्यात भरून, घरी आणून, तिच्या हातात ठेवली होती. हातमोजे तीन थरांचे असतात, बोटं बधिर झाली की लगेच थांबतात, एकमेकांचे चेहरे तपासतात, मी सगळं भडाभडा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आत जाऊन पडली.

आमची मराठी म्हणजे अर्धीअधिक हिंदीच. आम्ही "सब्जी" आणतो, "गाडी स्टार्ट" करतो, आणि चिडलो की पूर्ण मालवी बोलीत उतरतो. पण एक गोष्ट आईने सोडली नाही. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही. "येते" म्हणायचं, आणि घरातल्याने आतून "ये" म्हणायचं. शेजारपाजारचे "जा रिया हूँ" म्हणून खुशाल जायचे. आमच्याकडे शाळेला निघतानासुद्धा ते "ये" ऐकल्याशिवाय चप्पल पायात जायची नाही.

लाडवाच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत निघाले. "येते गं!" आतून काही नाही. "आई, येते!" मिक्सर सुरू झाला. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. बाकी सगळं नीट, जेवण, बोलणं, टीव्ही. फक्त तेवढा शब्द तिने बंद केला. मी अंधश्रद्धाळू नाही. पण टायर ओढताना पाय जड व्हायला लागले, ते टायरमुळे नव्हते. शेवटी मी लीडरला फोन करून सांगितलं, माझी जागा आत्ताच पक्की धरू नका. फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इतक्या वर्षांचं स्वप्न, आणि एका अक्षरावर अडलं होतं.

आईने फोन ऐकला असणार. दुपारी ती साडी बदलून दारात उभी. "त्या आइस्क्रीमवाल्याकडे ने मला."

मित्र हात जोडून म्हणाला, "आंटीजी, अंदर मत जाइए, तबीयत बिगड़ जाएगी." आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कानटोपी घातली, तीच, माझ्यासाठी काढलेली. माझे मोठे हातमोजे चढवले आणि आत गेली. मी मागे. व्हॅनिलाच्या डब्यांमध्ये ती उभी राहिली, नाकातून वाफ सोडत. मग डावा मोजा काढला. मी "आई!" म्हणून ओरडले. "गप गं," ती म्हणाली. हात उघडा धरून उभी राहिली, मग मोजा परत चढवला आणि बोटं हलवत राहिली, हलवत राहिली.

"परत येतं," ती म्हणाली. "दुखतं, पण परत येतं."

घरी येईपर्यंत ती बोटंच चोळत होती. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. परातीत डिंकाचं सारण होतं आणि आई लाडू वळत होती, सुपारीएवढे. "हे गालात धरायचे," ती म्हणाली, "चावायचेच नाहीत. इकडे ये, वळायला लाग. आणि तुझ्या त्या लीडरला फोन कर, मी येतेय म्हणून."

मी उभ्याउभ्याच तिच्या गळ्यात पडले. तिच्या तुपाच्या हातांनी माझा कुर्ता खराब झाला, त्यावरूनही मीच बोलणी खाल्ली.

पण दारातून निघताना "ये" म्हणणं मात्र तिने तेव्हाही सुरू केलं नाही. मी मागितलं नाही. निघायच्या सकाळी तिने बुद्धांसमोर मेणबत्ती लावली, मला वंदन करायला लावलं. टॅक्सी खाली हॉर्न देत होती. लाडवांची पिशवी माझ्या सॅकमध्ये सगळ्यात वर होती.

"येते, आई," मी म्हटलं, आणि थांबले.

तिने माझे दोन्ही हात धरले. लहानपणी मोजायला शिकवायची तशी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चाचपत गेली, आधी उजवा, मग डावा.

"दहा घेऊन चाललीयेस," ती म्हणाली. "दहा घेऊन ये."