तिसरं गॅस्केट

सहा महिन्यांत ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट तिसऱ्यांदा जळालं, तेव्हा बाबांनी फाट्यावरच्या गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आजपासून ह्याला स्टिअरिंगवर बसू देणार न्हाई."

हा म्हणजे आमचे ड्रायव्हरमामा. मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून आमचा ट्रॅक्टर तेच चालवतात. ते दाराशी उभे होते. ट्रॅक्टरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायला बाबांनी मला आणलं होतं.

मिस्तरीनं हेड, म्हणजे ज्याखाली ते गॅस्केट बसतं ते इंजिनचं झाकण, टेबलावर उलटं ठेवलं, त्यावर लोखंडी पट्टी कडेवर उभी धरली आणि तिच्याखाली कागदासारखी पातळ पाती सरकवली. मधोमध ती सहज आत गेली.

"हेड वाकलंय. आधीच्या मिस्तरीनं नुसता पॉलिश पेपर मारून बसवलं. परभणीला लेथवर प्लेन करून आणतो. पण मालक, तापल्याबिगर हेड वाकत न्हाई. पंप, पंखा, रेडिएटर, समदं बघितलं मी, ठीक हाय. मंग तापायलंय कशानं? ते कळल्याबिगर बसवलं तर चौथं बी जाणार."

"कशानं काय? ह्याचं ध्यान मोबाईलमधी."

"काय मामा, कोणाचा फोन येतोय एवढा?" मिस्तरी हसला.

मामा हसले नाहीत. "मीटरवर ध्यान असतंय माझं," एवढंच म्हणाले. मग बाबांकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

कारण त्यांना माहीत होतं. मलाही, अर्ध्या तासापासून. रेडिएटरपुढची हवा अडू देऊ नका, अशी एक ओळ पुस्तकात होती. ती मी मोठ्यानं वाचली नव्हती.

मळणीचा भुसा जाळीत जाऊ नये म्हणून बाबा स्वतः रेडिएटरपुढे ओलं पोतं बांधायचे. पिण्याच्या पाण्याच्या रांजणाला बांधतो तसं. भुसाही अडेल, इंजिनही गार राहील, असा त्यांचा विचार. पण ओल्या पोत्यावर भुशाचा थर बसायचा आणि हवा बंद व्हायची. सोयाबीन, हरभरा, आता गहू. तिन्ही वेळा गॅस्केट मळणीतच गेलं होतं. मधल्या नांगरटीत एकदाही नाही.

मी बाबांना उलट बोलत नाही. बाहेर तर बोलायचंच टाळते. शहरातल्या शाळेत बदललेली माझी मराठी ऐकून गावातल्या मुली हसतात. पोत्याचं कोणीतरी दुसऱ्यानं सांगावं, असं वाटत होतं.

मामांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "येतो मंग, दादा."

"बाबा, पोत्यामुळे तापतं."

"काय म्हणली माय?" मिस्तरीनं कान पुढे केला.

तेच पुन्हा मोठ्यानं बोलणं जास्त अवघड गेलं. पण मग तिन्ही मळण्या सांगितल्या.

"वलं पोतं?" मिस्तरी म्हणाला. "मालक, इंजनाला गोधडी पांघरायलाव का?"

"तुला कुणी इचारलं?" बाबा माझ्यावर ओरडले. मग ते मामांकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"दोनदा सोडलं म्या. तुमी पुन्हा बांधलं."

"मंग तोंडानं सांगावं की!"

बाबांनी त्या वाकलेल्या हेडवर अंगठा फिरवला.

"कधी येतंय हे परभणीहून?"

"परवा," मिस्तरी म्हणाला.

"तेरवा बोरीला मळणी हाय." बाबांनी मामांकडे न बघता सांगितलं, "सातला निघ."

"आन भुसा?"

"तासातासाला बंद करून जाळी झाड. ते बी मीच सांगू का?"

घरी येईपर्यंत बाबा माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. जेवतानाही नाही.