तिच्या मैत्रिणींचे नंबर

माझी बायको टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचे दिवस होते ते. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती अनोळखी माणसांची गाठ घालून द्यायची आणि संध्याकाळी घरी आली की आमच्या फोनकडं ढुंकूनही बघायची नाही. "वाजू दे," म्हणायची, "गरज असली तर परत करतील." पुढं एसटीडी आली, नंबर आपोआप लागायला लागले आणि तिला बिलांच्या खिडकीवर बसवलं. पण निम्म्या कोल्हापूरचे नंबर तिच्या डोक्यात तसेच राहिले. मी नुसतं माणसाचं नाव घ्यायचं, की हातातलं काम न थांबवता ती आकडे सांगायची.

नव्वदचं दशक सरता सरता मुलगी शिकायला बंगळूरला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. तिच्याशी ईमेलवर बोलता यावं म्हणून आम्ही कॉम्प्युटर घेतला. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याला जागा कुठली? आतल्या खोलीतलं शिलाई मशीन माळ्यावर गेलं आणि खिडकीशी कॉम्प्युटर बसला. बायको माझ्याआधी शिकली. मी पाटबंधारे खात्यातला माणूस, कागदावर भरवसा ठेवणारा. मला माउस धरायलाच बरेच दिवस लागले.

काही वर्षांनी तिच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी सुरू झाली. दवाखान्यात सलाइनची वाट बघत बायका एका लांब बाकड्यावर बसलेल्या असायच्या. मी बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत थांबायचो. खरं सांगायचं तर तिकडं बघवत नसे. डोक्याला रुमाल, मांडीवर पिशवी, सगळ्या मला एकसारख्याच दिसायच्या. त्यातल्या दोघी तेवढ्या लक्षात राहिल्या. एक राधानगरीच्या बाजूची, घरी म्हसरं असलेली, आवाज असा की व्हरांड्यात ऐकू यावा. दुसरी गारगोटीची, बालवाडीत शिकवणारी, अंगानं बारीक. तिचा नवरा शिंपी होता आणि तिच्या रुमालाला तो दर वेळी वेगळी किनार लावून द्यायचा. बायकोला मात्र बाकड्यावरच्या सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. कुणाला कशानं उलटी होते, कुणाची सासू बोलत नाही, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय.

एके दिवशी तिनं मला विचारलं, "तुमच्या ऑफिसचा नंबर काय हो?"

मला चेष्टा वाटली. मी हसलो. ती हसली नाही. औषधांनी तिच्या डोक्यातले आकडे निसटायला लागले होते.

त्या संध्याकाळी ती कॉम्प्युटरपुढं बसली. ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये एक अ‍ॅड्रेस बुक होतं. त्यात तिनं बाकड्यावरच्या एकेकीचं नाव, गाव आणि फोन नंबर घालायला सुरुवात केली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. बहुतेकींच्या घरी फोन नव्हताच. कुणाचा शेजाऱ्यांचा नंबर, कुणाचा दूध डेअरीचा, कुणाचा नवऱ्याच्या दुकानातला. नंबराखाली टीप लिहायला जागा होती, तिथं ती लिहायची की फोन दुपारनंतर करावा, किंवा दिरानं उचलला तर काही बोलू नये. आणि मग जी बाई आयुष्यभर घरातल्या फोनला कंटाळली होती, ती रोज जेवणं झाली की कॉम्प्युटर चालू करून एकेकीला फोन करायला लागली. "खाल्लं का काही? न्हाय? मग सलाइन चढल्यावर डोळं फिरतील की गं तुजं." टेलिफोन ऑफिसात इतकी वर्षं शुद्ध बोलणारी बाई, पण ह्या फोनवर तिची बोली माहेरची व्हायची.

पावसाळा संपता संपता ती गेली.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. भन्तेजींनी वंदना घेतली. नातेवाईक आले, टेलिफोन ऑफिसातले आले, समोरच्या तालमीतल्या मंडळींनी रस्त्यावर खुर्च्या मांडल्या. बाकड्यावरचं कुणी आलं नाही. त्यांना कळवायला हवं हे आम्हा बाप-लेकीच्या डोक्यातच आलं नाही.

दिवाळीला मुलगी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, एकटे असता. कॅमेरा लावून बोलू, निदान तोंड तरी दिसेल." त्यासाठी कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालायला हवी होती. ती परत गेल्यावर मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं विचारलं, "फोटो, कागदपत्रं ठेवायची ना, काका?" मी म्हटलं, ठेवायची. त्यानं दिवसभर बसून सगळं केलं, माझ्या नावानं नवं खातं उघडून दिलं आणि चहा पिऊन गेला. पडद्यावर हिरव्या माळाचं चित्र आलं. बायकोनं लावलेलं मुलीच्या लहानपणीचं चित्र गेलं, पण फोटो जागेवर आहेत म्हटल्यावर मी काही बोललो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी फोन वाजला.

"हॅलो, ताई हायत का?" बाईचा आवाज, इतका मोठा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "मी राधानगरीकडनं बोलतोय, दवाखान्यातली. लई दिस झालं, ताईंचा फोन न्हाय. म्हटलं आपणच करावा."

'ती गेली' हे सांगायची आता सवय झाली असेल, असं मला वाटत होतं. झाली नव्हती.

"ती गेली," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधीच."

दूध डेअरीतनं बोलत असावी, मागं कॅनचा खडखडाट चालला होता. मग ती बोलली, ती रागानंच.

"आणि आमास्नी कुणी कळवलं न्हाय?"

"कुठं कळवायचं ते ठाऊक नव्हतं हो."

"ठाऊक नव्हतं कसं? समद्यांचं नंबर कॉम्प्युटरात हायत म्हणायच्या की ताई. बघा आणि कळवा समद्यास्नी. बायका फोनची वाट बघत बसत्यात, सायेब." मग तिचा आवाज फुटला आणि फोन ठेवला गेला.

मी तसाच उठून कॉम्प्युटर चालू केला. अ‍ॅड्रेस बुक उघडलं. आत काहीच नव्हतं. नुसता पांढरा चौकोन. बंद करून परत उघडलं, तरी तेच. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सगळं जसंच्या तसं ठेवलंय की काका. अ‍ॅड्रेस बुकातनं फोन नंबर कोण बघतं आता?" खोटं बोलत नव्हता तो. त्यानं विचारलं होतं, आणि मला जे सुचलं तेवढंच मी सांगितलं होतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. ती गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. माणसं होती, कामं होती. त्या सकाळी त्या पांढऱ्या चौकोनासमोर बसून मी रडलो. त्या बायकांची नावंसुद्धा मला ठाऊक नव्हती. आणि तिचं शेवटच्या वर्षांतलं सगळं बोलणं-चालणं तर त्यांच्याशीच झालं होतं.

संध्याकाळी मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, बहुतेक गेलेलं नाही. नव्या सिस्टीमनं तुमच्या नावाचं नवं पुस्तक उघडलंय. आईचं जुनं कुठंतरी आत पडलेलं असेल. शोधू."

आमच्या रिसीव्हरची वायर आतल्या खोलीपर्यंत पोचायची नाही. मग ती एक गोष्ट सांगायची, मी रिसीव्हर टेबलावर ठेवून आत जायचो, करायचो, परत येऊन सांगायचो. लपवलेली फोल्डरं आधी दिसती करावी लागली. ती दिसायला लागली तेव्हा फिकट रंगाची होती, उन्हात विटलेल्या कपड्यासारखी.

"आता काय काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"एक माझ्या नावाचं. एक सगळ्यांसाठीचं. आणि..." मी तिच्या आईचं नाव वाचलं. इंग्रजी स्पेलिंगसकट वाचलं, कारण बायको त्यात एक अक्षर जास्त घालायची.

मुलीनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"तेच," ती म्हणाली. "त्याच्या आत जा, बाबा."

एकात एक फोल्डरं उघडत गेलो. अखेर एका छोट्या पुस्तकाचं चित्र असलेली फाइल सापडली. मुलीनं सांगितलं तशी ती नव्या अ‍ॅड्रेस बुकात आत घेतली. क्षणभर काहीच झालं नाही. मग नावं एकाखाली एक येत गेली. मी बाहेर धावत गेलो आणि फोनवर नुसतं "आली, आली" म्हणत राहिलो. पोरगी हसत होती आणि रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून फोन करायला बसलो. टीप वाचायची, मग नंबर फिरवायचा. कुणी ओळखलं, कुणी "कोण ताई?" म्हणालं. काही नंबर बदललेले. एकीनं मलाच धीर दिला. एकीची सून म्हणाली की सासूबाईंना सांगणार नाही, त्यांची तब्येत नाजूक आहे.

गारगोटीचा नंबर शिंप्याच्या दुकानातला. त्यानंच उचलला. मी सांगितलं तसं मागचं मशीन थांबलं.

"ताई पण गेल्या?" तो म्हणाला.

"पण म्हणजे?"

"आमची गेली की उन्हाळ्यात. तुमास्नी ठाव न्हाय? ताई आलत्या की हितं. माती दिऊन गेल्या. पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, आणि जेवायचं थांबा म्हटलं तर थांबल्या न्हाईत."

मी कुठला तो दिवस, ते शोधत राहिलो आणि मला तो आठवला. टेलिफोन ऑफिसातल्या मैत्रिणीकडं जेवण आहे म्हणून ती सकाळीच बाहेर पडली होती. नको जाऊस, ऊन आहे, असं मी म्हणालो होतो. दिवस मावळताना परत आली आणि पाणीसुद्धा न पिता थेट आंघोळीला गेली. जेवणात काय होतं विचारलं तर म्हणाली, "श्रीखंड." त्या अंगानं, त्या उन्हात ती एसटीनं गारगोटीला जाऊन आली होती. आपल्यासारख्याच एका बाईला पोचवून. आणि मला घाबरवायचं नाही म्हणून माझ्यासमोर बसून श्रीखंडाचं सांगत होती.

शेवटी मी राधानगरीच्या बाईला परत फोन केला. सगळ्यांना कळवलं म्हणून सांगितलं. तिनं एकेकीचं नाव घेऊन विचारलं. गारगोटीचं नाव आलं तसा मी अडखळलो.

"ताई म्हणायच्या, ती बरी हाय, माहेराला ऱ्हायलीया," ती म्हणाली.

मला खोटं बोलणं जमलं नाही. "ती गेली हो. उन्हाळ्यातच."

"ठाव हाय," ती म्हणाली. या वेळी आवाज अगदी बारीक होता. "जनावरांच्या बाजारात आमच्या मालकांस्नी कळलं हुतं. पर ताईस्नी म्या बोललो न्हाय. म्हटलं, त्येंचा जीव कशाला घाबरा करायचा? त्या म्हणायच्या बरी हाय, म्या म्हणायचो व्हय, बरी असंल."

म्हणजे दोघीही दर आठवड्याला फोनवर एका मेलेल्या मैत्रिणीची खुशाली एकमेकींना सांगत होत्या.

शिमग्याच्या सुमारास राधानगरीची बाई तपासणीसाठी कोल्हापुरात आली. सोबत कुणी नव्हतं, घरात एक म्हैस नुकती व्यालेली, दुसरी व्यायला झालेली. मी दवाखान्यात गेलो आणि पहिल्यांदाच व्हरांड्यात न थांबता बाकड्यावर बसलो. तिनं खरवसाचा डबा आणला होता. दोघांनी तिथंच खाल्ला. मग तिला आत बोलावलं. बराच वेळ लागला.

बाहेर आली तेव्हा तिनं पदर नीट केला, रिपोर्टचं पाकीट पिशवीत खाली दाबून ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बेस हाय म्हणालं डॉक्टर. काय बी न्हाय."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"बरं झालं," मी म्हणालो.

स्टँडवर राधानगरीची गाडी लागली होती. खिडकीशी जागा धरून दिली. गाडी हलली तशी ती वाकून ओरडली, "सायेब, जेवत जावा की येळंवर!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या सुनेचा फोन आला. मी एसटीनं मातीला गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडं टाकलं होतं, त्यावर तिच्या मालकाशेजारी बसलो. बाहेर धो धो पाऊस, दोन घरांपलीकडचं दिसेना. पावणं कोण म्हणून कुणीतरी विचारलं. मला काय सांगावं कळेना. तिचा मालकच म्हणाला, "दवाखान्यातलं हायत. आपलंच हायत." आणि त्यानं चहाचा कप माझ्याकडं सरकवला.