नक्कलकाकूंची फेरफार वही

नक्कलकाकू कशालाही हात लावायच्या आधी त्याची नक्कल उतरून घ्यायच्या. कशालाही म्हणजे कशालाही. स्वयंपाकघरातले डबे घासायला काढायचे तर आधी फळीचा नकाशा: डावीकडून मेतकूट, मग कुळथाचं पीठ, मग आमसुलं. देव उजळायला काढायचे तर आधी देव्हाऱ्याचा नकाशा, त्यात बाळकृष्णाचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते दाखवणारा बाण. विहिरीचा पंप उघडायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा अर्धा तास परसात उभा ठेवला, कारण वायरींचे रंग कागदावर उतरवायचे होते. तो बिचारा म्हणाला, "काकू, मी वीस वर्षं हेच करतोय." काकू म्हणाल्या, "म्हणूनच. नवा माणूस घाबरून असतो हो, चुका जुनाच करतो."

"आधी नक्कल, मग अक्कल," हे त्यांचं ब्रीद. आळीतल्या पोरांनी त्यांना नाव ठेवलं ते यावरूनच, आणि काकूंनी ते मानाने मिरवलं.

सवय नोकरीतली. काकू एका सरकारी कचेरीत नक्कल विभागात कारकून होत्या. घराजमिनीचे जुने कागद काढायचे, त्यांची अक्षरन् अक्षर नक्कल करायची, खाली 'खरी नक्कल' असं लिहून साहेबांच्या सहीला पाठवायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी खुर्ची तेवढी कचेरीत ठेवली, नियम सगळे घरी आणले. त्यातला सर्वात कडक नियम: मूळ कागद कचेरीबाहेर जात नाही. शेजारणीने फणसाच्या सांदणांची कृती मागितली तेव्हा काकूंनी ती दुसऱ्या कागदावर उतरवून दिली आणि खाली 'खरी नक्कल' लिहून सही ठोकली. शेजारीण म्हणाली, "अहो, तुमची वही दिली असती तर मी घरी जाऊन उतरवून घेतली असती." काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने मंगळसूत्र मागितलं.

माझं खालच्या आळीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तेव्हा मी तिशीत होतो आणि माझा तोरा विचारू नका. काकूंनी माझ्याकडून कॉम्प्युटर घेतला तो अप्पांसाठी. अप्पा म्हणजे त्यांचे यजमान. गावातल्या एका साप्ताहिकात ते वर्षानुवर्षं शब्दकोडं करून द्यायचे. पुढे हाताला कंप सुटला. पेन धरलं की चौकोनातलं अक्षर शेजारच्या चौकोनात जाऊन बसायचं. कॉम्प्युटरवर तरी जमेल, ही काकूंची आशा.

यंत्र लावून झाल्यावर मी हुशारी दाखवायला रजिस्ट्री उघडून दाखवली. ही यंत्राच्या पोटातली जागा. नेहमीच्या पडद्यावर जी बटणं दिसतच नाहीत, त्यांचे आकडे इथे ठेवलेले असतात. मी आवाज खाली आणून, नाटकातल्या मांत्रिकासारखा म्हणालो, "काकू, इथे कधी हात लावायचा नाही. एक आकडा चुकला तर यंत्र उठायचं नाही."

काकू पडद्याला नाक लावून पाहत राहिल्या. कप्प्यात कप्पे, गठ्ठ्यात गठ्ठे, प्रत्येकाला नाव, प्रत्येकात नोंद. आणि मग त्या हर्षभराने ओरडल्या, "अहो, ऐकलंत का! ही तर आमची रेकॉर्ड रूम!"

झालं. मांत्रिकाची विद्या गेली.

महिन्याभराने मी गेलो तर यंत्र सुरू होताच पडद्यावर पाटी आली: 'हात धुतलेत का?' खालचं बटण दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही. अप्पा तळलेले गरे खात खात कोडं करत, त्यावरचा हा इलाज. "ही पाटी कुठून आणलीत?" मी विचारलं. "आतून," काकू म्हणाल्या. पुढे मेनू किती वेळाने उघडावा, कर्सर किती जाड दिसावा, सगळं आतून. सेटिंग हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्यांच्या लेखी तो फेरफार. दिवसाला एकच फेरफार, आणि तो आधी वहीत. पेन्सिलीने दोन रकाने: 'पूर्वीचे' आणि 'आताचे'. मी म्हटलं, "काकू, यंत्र स्वतःच नक्कल करून ठेवतं. वही कशाला?"

"म्हणजे मूळ आणि नक्कल एकाच कपाटात? आग लागली की दोन्ही जळणार. कोणी शिकवलं रे तुला?"

अप्पा हसून म्हणाले, "इंजिनीअर, गप बस. मी चाळीस वर्षं गप बसलोय."

अप्पांचा हात मात्र यंत्रावर खरोखर स्थिरावला होता. ते सगळ्यांना सांगत सुटले होते: चहाच्या कपाला हात थरथरतो, पण माउस धरला की शांत. "मनाची एकाग्रता," असं म्हणून ते छाती पुढे काढत. दर गुरुवारी कोडं वेळेवर जात होतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. काकू भाचीच्या लग्नाला दोन दिवस अलोऱ्याला गेल्या आणि जाताना मला सांगून गेल्या, "सुधीर, अप्पांकडे एक चक्कर मार." बुधवारी दुपारी गेलो, तर अप्पा पडवीत झोपलेले. मी आपला यंत्रापाशी बसलो. एक फाइल ओढायला गेलो तर ती जागची हलेना. माउस वीतभर नेला तेव्हा कुठे ती निघाली. डबल-क्लिकच्या टिचक्यांचंही तेच, दुसरी टिचकी लांब जाऊन मारली तरी चालत होती. मी मनात म्हटलं, काकूंनी शेवटी वाट लावलीच. आपण दुरुस्त करून ठेवू, आल्या की चकित होतील. अप्पांच्या फायली जपल्या आणि बाकी सगळं कोरं, कंपनीतून आल्यासारखं करून टाकलं. नक्कल? छे! मी तर जुना माणूस.

संध्याकाळी परत डोकावलो तर अप्पा खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर फायली अशा विखुरलेल्या, जणू मांजर फिरून गेलंय. कोडं उघडायला टिचकी मारायला जावं तर ती फाइल हाताबरोबर थरथरत दुसरीकडे ओढली जात होती. दुपारपासून त्यांनी एक चौकोन भरला नव्हता.

"अप्पा, काय झालं?"

"काही नाही रे. आजार पुढे सरकला." ते हातांकडे असं बघत होते, जणू ते कोणी पाहुणे असावेत. "संपादकांना कळवतो, उद्या कोडं येणार नाही. उद्याच काय, यापुढे नाही."

दुपारी यंत्र कोरं कोणी केलं, ते मला आठवलं. "एवढी रात्र थांबा. काकू उद्या सकाळी येतील," एवढंच कसंबसं म्हणालो.

गुरुवारी सकाळी मी एसटी स्टँडवरच काकूंना गाठलं आणि सगळं कबूल केलं. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाल्या, "मेल्या, बटण दाबल्यावर माउस किती हलला म्हणजे ओढलं असं धरायचं, याचा आत एक आकडा असतो. कंपनीने ठेवलाय चार. मी केला होता चाळीस. दोन टिचक्यांमधल्या हालचालीचाही तसाच. रोज थोडा थोडा वाढवत नेला, त्यांच्या हाताच्या मापाने."

"पण अप्पा तर म्हणतात..."

"त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं हात थांबला. वाटू दे हो."

मी रिक्षात डोळे पुसले. धूळ फार होती.

काकूंनी आल्या आल्या अप्पांना अंघोळीला पिटाळलं. वही तांदळाच्या डब्यामागून बाहेर आली. त्या 'आताचे' रकाना वाचत गेल्या, मी आकडे भरत गेलो. प्रत्येक आकड्याला "परत वाच" असं म्हणायच्या. यंत्र बंद करून चालू केलं. पाटी आली: 'हात धुतलेत का?' माझ्या जिवात जीव आला.

आता अप्पांना सांगायचं काय? काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी रंगमंचावर उतरलो. येताना दुकानातून नवा माउस घेतलेलाच होता. अप्पा पंचा गुंडाळून बाहेर येताच मी जुना माउस कानाशी धरून हलवला, नाक मुरडलं, कपाळावर हात मारला. "अप्पा, याची चकती झिजली! कालपासून हाच थरथरत होता. तुमचा हात कसला, हा आजारी!" त्या माउसमध्ये चकती नव्हतीच. पण अप्पा बसले, हात ठेवला, टिचकी मारली. कोडं उघडलं. दुसरा चौकोन, तिसरा चौकोन. "तरी म्हटलं!" अप्पा गरजले. काकू आत जाऊन उगाचच भांडी आपटत राहिल्या.

कोडं त्या दिवशी वेळेत गेलं. छापून आलं तेव्हा मी दुकानात चहा पीत सोडवायला घेतलं. आडवे शब्द, सात: 'न बिघडलेले बिघडवणारा, चार अक्षरे'. उत्तर होतं 'मेकॅनिक'. म्हणजे अप्पांना किती ठाऊक होतं? मी कधी विचारलं नाही. त्या घरात दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, असा माझा संशय आहे. तशी कोडी पुढे दोन वर्षं आली.

मग दोघं मुलीकडे नाशिकला राहायला गेली. निघायच्या आदल्या दिवशी काकू दुकानात आल्या आणि काउंटरवर ती वही ठेवली. मी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उघडलं. पानन् पान काढलं, शेवटच्या पानासकट. तिथे, बाकीच्या फेरफारांपासून वेगळी, त्या बुधवारची नोंद होती: 'पूर्वीचे ४०. आताचे ४. करणारा: सुधीर.' आणि खाली, 'दुसऱ्या दिवशी दुरुस्त. करणारा: तोच.' काकूंनी गठ्ठा तपासला, खाली 'खरी नक्कल' लिहिलं, सही केली. मी तो गठ्ठा घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो आपल्या पिशवीत टाकला आणि वही माझ्याकडे सरकवली.

"काकू, ही तर मूळ."

"होय. कचेरी आता तुझ्याकडे."

दोघं नाशिकला मजेत आहेत. अप्पा आता कोडी सोडवतात. करायचं काम नातीकडे गेलंय. इकडे माझ्याकडे लोक येतात, हर्णैहून, लोट्याहून, आईवडिलांचा हात थरथरतो म्हणून. मी आधी यंत्राची नक्कल घेतो, मग वही उघडतो, मग त्या हाताचं माप घेतो. परवाच एक गृहस्थ म्हणाले, "वही जरा द्या ना, दोन दिवसांत परत आणतो."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की काकू असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती. "नक्कल देतो," मी म्हटलं. "मूळ कचेरीबाहेर जात नाही."