दोन बोल्टांवरची पांढरी रेघ

आमच्या घरात लोणच्याची बरणी माझ्याशिवाय कोणाला उघडता येत नाही, कारण झाकण मीच लावतो. नळ मी बंद केला की बायकोला तो दोन्ही हातांनी सोडवावा लागतो. वडिलांचंही असंच होतं. गॅसची नवी टाकी आली की रेग्युलेटर बसल्यावरही ते त्याला एकदा पिळून पाहायचे. घट्ट म्हणजे पक्कं, हे आमच्या घराण्याचं शास्त्र. आणि मी शिकवतो काय, तर अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान! बल, दाब, क्षेत्रफळ, फळ्यावर सगळं येतं मला. हातात पाना आला की मात्र तो हात वडिलांचा होतो.

पन्नाशीनंतर मी पुन्हा सायकल धरली. दर रविवारी सकाळी आमचा दहा-बारा जणांचा गट अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्यानं निघतो. वलगाव मागं पडलं की माझ्या मनगटांना मुंग्या यायच्या. गटातले म्हणाले, सर, पुढचं चाक धरणारा लोखंडी चिमटा काढून कार्बनचा टाका, रस्त्याचे हादरे तो पिऊन टाकतो. महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेवटी पुण्याहून मागवलाच. खोका उघडला तर काळाभोर, आणि इतका हलका की बायको म्हणाली, खोक्यात काही राहिलं तर नाही ना, नीट पाहा.

बसवायचा कोणाकडून, हा प्रश्नच नव्हता. राजापेठेत एका गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीकाकांचं दुकान होतं. मी कॉलेजात असताना बैलगाडीला धडकून चिमटा वाकवून आणला होता, तो त्यांनीच सरळ करून दिला होता. तेव्हापासून माझ्या सायकलला दुसऱ्याचा हात लागला नाही. समोर सायकल आली की काकांचा हात आपोआप तिच्याकडे जायचा. बोलणं तुमच्याशी चाललेलं, आणि बोटं ब्रेक दाबून पाहतायत, चाकाच्या तारा वाजवून पाहतायत. रस्त्यात भेटले तरी तेच. एकदा सिग्नलला उभा होतो, तर शेजारून चालत येऊन त्यांनी माझी चेन तपासली आणि मगच, काय सर, म्हणाले.

त्यांची आणखी एक पद्धत होती. बोल्ट आवळून झाला की काडेपेटीची काडी पांढऱ्या ऑइलपेंटात बुडवायची आणि बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी हलला तरी रेघ तुटते. कोणी विचारलं तर म्हणायचे, ही माझी सही आहे.

कार्बनचा चिमटा पाहून त्यांनी आधी हात मागंच घेतले. हे काम आपल्या बसचं नाही, पुण्याच्या माणसाकडूनच बसवून घ्या म्हणाले. मी ऐकतो का? तुमच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागू देणार नाही, असं मी मोठ्या दिमाखात सांगितलं. मग त्यांनी सोबत आलेला कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. चिमट्याच्या नळीला हँडल पकडून ठेवणारा जो तुकडा असतो, ज्याला स्टेम म्हणतात, त्याचे दोन बोल्ट किती जोरानं आवळायचे हे त्यात लिहिलं होतं. जास्त जोर लागला तर नळी चिरेल, असंही होतं. काकांनी एका मोटार गॅरेजवाल्या मित्राकडून, ठरला जोर लागला की टिकटिकणारा मापाचा पाना आणला. आयुष्यभर अंदाजावर काम केलेला तो माणूस श्वास रोखून, थोडं थोडं करत, कागदाच्या हुकमाप्रमाणे बोल्ट आवळत होता. पाना टिकटिकला, ते थांबले, घाम पुसला आणि दोन्ही बोल्टांवर रेघ ओढली.

घरी आणल्यावर संध्याकाळी मी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल जोरानं फिरवून पाहिलं. किंचित सरकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, सरकलंही नसेल. पण मनात आलं, म्हातारा कागदाला भ्याला आणि ढिलं ठेवलं. मी बोल्ट आवळायची एल-की काढली आणि दोन्ही बोल्टांना कचकचून एक पाव फेरा दिला. दुसऱ्याच्या वेळी आतून टच असा बारीक आवाज आला. मी थांबलो. फरशीवर काही पडलं असेल असं स्वतःला सांगितलं आणि जेवायला बसलो.

पुढच्याच रविवारी आसेगावच्या अलीकडे हँडल करकरायला लागलं. चहाच्या टपरीवर गटातल्या एकानं स्टेमचं टोपण काढून, वरचा बोल्ट सोडवून पाहिलं, तर नळीला उभी चीर. सगळे माझ्याकडे पाहत होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, त्या म्हाताऱ्यानं आवळून फोडला. सायकल पिकअपमध्ये टाकून परत आलो, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा, गटातल्या दोघांना सोबत घेऊन थेट काकांच्या दुकानात गेलो.

काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. समजत नव्हतं तर हात कशाला लावला, एवढं तरी बोललोच. मीच त्यांना लावायला लावला होता, हे मात्र बोललो नाही. काका खाली वाकले. स्टेमवर अंगठा ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं आणि कापडाला हात पुसले.

"माह्या हातानं झालं असन, सर," एवढंच म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायलाही नको वाटतं, पण वाटलं खरं.

गटातली गिअरच्या सायकलींची कामं त्या दिवसापासून काकांकडे जाईनाशी झाली. काकांना आता जमत नाही, ही गोष्ट पसरवायला मला कुठं जावं लागलं नाही, चहाच्या टपरीवर मी ती एकदाच सांगितली होती. त्या गल्लीवरून जाणं मी टाळत होतो. उन्हाळ्यात कळलं की गुढीपाडव्यानंतर त्यांनी दुकान बंद केलं आणि ते बार्शीटाकळीला लेकीकडे राहायला गेले.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून फुटलेला चिमटा निघाला. तो मी नळी करवतीनं कापूनच काढला होता, म्हणून पिशवीत नळीच्या तुकड्यासकट स्टेम होता, बोल्ट तसेच लावलेले. टपरीवर एक वरचाच बोल्ट सोडवला होता. खालच्याला तिथं कोणी हात लावला नव्हता. त्याच्यावरची पांढरी रेघ मधोमध तुटलेली होती. बोल्टावरचा अर्धा भाग पाव फेरा पुढं गेलेला. मी शिडीवरच बसलो. टच ऐकला तेव्हाच मला ठाऊक होतं, ती काही नवी गोष्ट नव्हती. नवं हे होतं की काकांनाही ठाऊक होतं. अंगठा ठेवून ते बराच वेळ हीच रेघ पाहत होते.

भाऊबीज झाली आणि मी निघालो. सायकलला जुना लोखंडी चिमटा नव्या स्टेमसह मीच परत बसवला होता. अकोल्यापर्यंत ती एसटीच्या टपावर टाकली, पुढं बार्शीटाकळीपर्यंत चालवत गेलो. तुरी फुलावर आल्या होत्या, रस्ता चांगला होता, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. लेकीच्या घरासमोर कडुनिंबाखाली काका खुर्चीवर बसले होते. थोडे वाळले होते. लेकीनं चहा दिला. मी सगळं सांगितलं, एल-की, पाव फेरा, टच. मध्ये न थांबता सांगितलं.

काकांनी बशी खाली ठेवली. "रेघ मले तवाच दिसली होती."

"मंग बोलले काहून नाही, काका?"

"तुमच्यासंगं दोघं जण होते. तुमी पोरं शिकवता. चार लोकांत मास्तराले खोटं कसं पाडू?" मग म्हणाले, "वाटलं, सर घरी जाऊन पाहतीन, अन् येतीन. पाडव्यापर्यंत वाट पाहिली."

मला रडू आलं. मी म्हणालो, गटात जाऊन सगळ्यांना खरं सांगतो, एकेकाच्या घरी जाऊन सांगतो. सांगा, म्हणाले. दुकानाची जागा तर दुसऱ्याला गेली होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो ऐकून घेतला असता.

निघताना ते खुर्चीवरून उठून सायकलपर्यंत आले. मी हँडल धरून उभा राहिलो. ब्रेक दाबतील, तारा वाजवतील, असं वाटत होतं. त्यांनी चाकाकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं. स्टेमवर रेघ नव्हती, तेही पाहिलं असणारच.

"काका, जरा पाहून द्या ना," मी म्हणालो. "हँडल ढिलं वाटून राहिलं."

"तुमीच पाहा, सर," ते म्हणाले. "तुमाले येते."

दोन्ही हात त्यांनी पाठीमागं बांधले होते. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तसेच होते.