सकाळच्या प्रार्थनेला कोण कोण येत नव्हतं

एखाद्याला विचारावं, 'काल का नाही आलात?' तर तो एक गोष्ट सांगतो. परवाचं विचारलं तर दुसरी सांगतो. अशा गोष्टी मी आयुष्यभर ऐकल्यात. फेकून द्याव्या म्हटलं तरी जात नाहीत. कांद्याच्या टरफलांसारखं आहे हे, कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच! चार मैत्रिणी जमल्या, चहा ठेवला, की मी सुरू होते. धाकटी बहीण म्हणते, "पुरे कर वं बाई, तुहा राग अजून गेला नाही का?"

नाही गेला! आणि जाणारही नाही!

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. चिखली तालुक्यात एका खेड्याला लागून आमचं मिशन कंपाउंड होतं. दवाखाना, शाळा, थोडीफार घरं आणि मधोमध प्रार्थनेचा हॉल. बाबा तिथले पाळक, मी शाळेत मास्तरीण. कडुलिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. रोज सकाळी सहाला बाबा तो वाजवायचे, तीच आमची घंटा. एक गीत, एक शास्त्रपाठ, मग पाळीपाळीनं दोघातिघांनी प्रार्थना करायची, की आमेन. तुरीची डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ! त्याहून जास्त नाही.

गोरे साहेब आणि मडम होते तोवर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. साहेब मायदेशी गेले आणि पुढच्याच सोमवारी चटया जास्त, माणसं कमी! म्हणजे इतकी वर्षं ही मंडळी साहेबाला तोंड दाखवायला येत होती. मी हे चारचौघांत बोलले. बाबा म्हणाले, "हळू बोल, माय."

"हळू काऊन बोलू? तुमी घंटा हळू वाजवता का?"

मग कंपाउंडचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या डोक्यात आलं, रोज घंटा कशाला, रविवारची उपासना आहे ना! नाताळ होऊ द्या, मग मीटिंग घेऊन ठरवून टाकू. बाबांनी त्या सकाळच्या प्रार्थनेत सगळं आयुष्य घातलं होतं. आई वारली त्या सकाळीसुद्धा ते घंटा वाजवायला उठले. मी अडवलं तर म्हणाले, "आज तं जास्तच पायजे." ही प्रार्थना बंद पडली तर हा माणूस कशाच्या आधारानं जगेल, याची मला धास्ती वाटत होती. म्हणून नाताळाआधी मी घरोघर फिरले. हात जोडले, भांडले, टोमणे मारले. आणि काय काय ऐकलं म्हणता!

*

पहिला मान याकोबदादांचा. दवाखान्यातले कंपाउंडर, आणि पंचांचे मुख्य. ते म्हणाले, "बाई, मले ड्यूटी असते. मी सायकलवर प्रार्थना करतो. मनातल्या मनात. देव काय हॉलातच बसेल हाय का?"

देव हॉलातच बसलेला नाही हे खरंच आहे. मी परत आले.

दोन-चार दिवसांनी याकोबदादा सायकलसकट नाल्यात! गुडघे फुटले, कपाळाला टेंगूळ आलं. सगळं कंपाउंड बघायला गेलं. खाटेवर पडून दादा कण्हत सांगत होते, "काय करता बा, प्रार्थनेत डोये मिटले, तंद्री लागली, अन् नाला दिसलाच नाही." लोक हळहळले. एक म्हातारी तर म्हणाली, केवढी ही भक्ती!

तेवढ्यात त्यांची बायको हळद-तेलाची वाटी घेऊन आत आली. म्हणाली, "मंग इतके दिवस काऊन नाही पडले?"

*

हेडमास्तर शमुवेलराव आमच्या शाळेचे. सकाळी उठणं होत नाही, रात्री पेपर तपासतो, तब्येत नाजूक. हे सगळं मी खरं मानलं होतं. मग त्यांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला.

सहाच्या सुमाराला त्यांच्या ओसरीवर ही गर्दी! बातम्या, मग गाणी. ज्यांना पहाटेची थंडी बाधते, ज्यांचे गुडघे धरतात, ज्यांच्या म्हशी नेमक्या सहालाच पान्हवतात, ते सगळे शाल पांघरून तिथं हजर! इकडे बाबा घंटा वाजवताहेत, तिकडे मास्तर रेडिओचा कान पिळून आवाज मोठा करताहेत.

मी तशीच पदर खोचून ओसरीवर गेले. "मास्तर, तब्येत बरी दिसते!"

ते शांतपणे म्हणाले, "हे बघा बाई, रागावू नका. प्रार्थना रोज तीच असते. बातम्या रोज नव्या असतात."

"भाकर बी रोज तीच असते," मी म्हटलं. "काल खाल्ली ना? मंग आज काऊन खाता?"

ओसरीवरचा एकही माणूस हलला नाही. कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा बाजूले सरका, आयकू येत नाही."

*

आता कोंबडीचं सांगते. याच्यावर लोक हसतात. मला मात्र आजही हसू येत नाही.

सालोमीबाई आणि मार्थाकाकू शेजारणी. मार्थाकाकूची कोंबडी सालोमीबाईच्या मेथीच्या वाफ्यात शिरली आणि कोवळी मेथी उकरून गेली. अंगणात भांडल्या असत्या तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण पाळकाच्या घरासमोर भांडायचं कसं! दुसऱ्या दिवशी सालोमीबाई प्रार्थनेला आल्या. बऱ्याच महिन्यांनी आलेल्या बघून बाबांना आनंद झाला. त्यांनी प्रार्थनेची पाळी त्यांनाच दिली.

"हे दयाळू पित्या," सालोमीबाईंनी डोळे मिटून सूर लावला, "काही लोक आपल्या कोंबड्या कोंडून ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या कष्टाचं त्यांना काही वाटत नाही, त्यांना तू सुबुद्धी दे. आमेन."

ही बातमी कंपाउंडभर झाली. दुसऱ्या दिवशी मार्थाकाकू आल्या. त्यांच्याबरोबर निम्मं कंपाउंड आलं. "हे प्रभू, कोंबडी मुकं जनावर हाय. पण ज्याईच्या वाफ्याले कुंपन नाही, अन् तोंडाले बी कुंपन नाही, त्याईले तू क्षमा कर!"

तिसऱ्या दिवशी हॉल भरला! लोक गीत घाईघाईनं म्हणत होते, शास्त्रपाठाला चुळबुळ करत होते. सगळ्यांना पुढची प्रार्थना ऐकायची होती. हेडमास्तरांनी रेडिओ बंद ठेवला होता, यात काय ते समजा! बाबा भोळे. घरी येऊन म्हणाले, "मंडळी जागी होऊन राह्यली."

आठवड्याच्या आत दोघींची दिलजमाई झाली. मार्थाकाकूंनी अंडी पाठवली, सालोमीबाईंनी मेथी पाठवली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बाबा, मी आणि दवाखान्याची म्हातारी दाई.

घरी येताना मी म्हटलं, "बाबा, आपली कोंबडी सोडू का कोनाच्या वाफ्यात?"

ते काठी टेकत भरभर पुढं निघून गेले.

*

दानिएलचा बैल फुगला. दानिएल म्हणजे आमच्यातला तरणाताठा शेतकरी, प्रार्थनेला या म्हटलं की "पेरनी हाय", "निंदन हाय", "वेचनी हाय". वर्षाचे बारा महिने त्याला काही ना काही हाय!

बाबा जेवायला बसले होते. पहिला घास हातात. दानिएल धावत आला, "पाळकसाहेब, चाला लवकर! बैल पाय झाडून राह्यला!"

बाबा घास ताटात ठेवून तसेच उठले. मी म्हटलं, "अरे, जनावराच्या डॉक्टरकडे जा की!" तर म्हणे, "माणूस पाठवला चिखलीले, पन तोवर तुमी प्रार्थना करा." बाबा भर उन्हात गोठ्यात उभे राहिले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी अशी कळवळून प्रार्थना केली, की दानिएलची बायको रडायला लागली. कुणी गोडेतेल पाजलं, कुणी पोट चोळलं. संध्याकाळी बैल उठला, कडबा खायला लागला. दानिएलनं बाबांचे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची वाट पाहिली. तो बैल घेऊन हॉलच्या समोरून शेतात चालला होता!

"काय बे दानिएल, प्रार्थनेले नाही येत?"

तो चालता चालता म्हणाला, "आता कायले येऊ, बाई? बैल बरा झाला ना!"

मला इतका संताप आला की मी हातातली गीतांची पोथी त्याच्या अंगावर फेकणार होते. बाबांनी माझा हात धरला.

*

एकदा बाबांना ताप भरला. मी त्यांच्याजवळ बसून राहिले, आणि पहिल्यांदाच घंटा वाजली नाही. मला वाटलं, कुणीतरी चौकशीला येईल. कंपाउंडातलं चिटपाखरू आलं नाही!

आठच्या सुमाराला गावातले किसनराव आले. मोठे जमीनदार, घरी रोज देवपूजा, कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ. दारातूनच ओरडले, "पाळकसाहेब, घंटा काऊन नाही वाजली? माहे गडी उशिरा आले. माह्या मायची काकडआरती चुकली. तिच्या मनाले लागून राह्यलं!"

मी म्हटलं, बाबांना ताप आहे. तसे ते एकदम नरमले. आत येऊन बाबांच्या उशाशी बसले, गड्याला पाठवून घरचं दूध मागवलं. बाबांनी सांगितलं, की ही घंटा आता बंदच होणार, पंचांचं तसं चाललंय. लोकांची झोपमोड होते म्हणतात.

किसनराव माझ्याकडे वळले. "सारं गाव उठते तिच्यानं," ते म्हणाले. "तुमचेच लोक तेवढे निजून राह्यतात का?"

मला लाज वाटली. आमची लाज एका माळकऱ्याला दिसली, याचा तर जास्तच राग आला.

*

बरं झाल्यावर बाबा पुन्हा घंटा वाजवायला लागले. पौषातली थंडी, धुकं असं की घंटेचा कडुलिंब दिसेना. त्या दिवशी दाईसुद्धा आली नाही. हॉलमध्ये नुसत्या चटया. बाबांनी शास्त्र उघडलं, चष्मा लावला, आणि रोजच्यासारखं म्हणाले, "प्रिय मंडळी..."

माझा बांध फुटला. "कोनाले म्हणता, बाबा? कोन हाय इथं? काऊन जीव जाळता या लोकाईसाठी?"

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुले म्हणून राह्यलो. बस खाली."

मी बसले. अख्खी प्रार्थना मी रागानं रडत होते. बाबांनी एकेकाचं नाव घेतलं. याकोबच्या गुडघ्यांसाठी, मास्तरांच्या तब्येतीसाठी, दानिएलच्या बैलासाठी. मला ते सहन होत नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर एकाचंही नाव घेतलं नसतं!

*

आणि मग ती मीटिंग झाली. बुधवारी दुपारी, हॉलमध्येच. त्या दिवशी एकजणही उशिरा आला नाही, हे लिहून ठेवण्यासारखं! याकोबदादा खुर्चीवर, शेजारी हेडमास्तर, खाली चटईवर दानिएल आणि बाकीचे पंच. बायकांकडून सालोमीबाई आणि मार्थाकाकू, शेजारी शेजारी. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी चहा घेऊन दाराशी.

सगळे फार गोड बोलले. पाळकसाहेबांच्या सेवेबद्दल आम्हाला आदर आहे, याकोबदादा म्हणाले. पण काळ बदलला, माणसांना कामं आहेत. हेडमास्तर म्हणाले, रोज रोज केल्यानं प्रार्थनेची किंमत राहत नाही. रविवारी एकदाच करू, पण मनापासून करू. दानिएल म्हणाला, "हाव, रविवारीच बरं. बाकीचे दिवस आपआपल्या कामाचे."

मी मध्ये बोलायला गेले, तर "बाई, तुम्ही पंच नाही," म्हणून मला गप्प केलं.

हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर झाले. सालोमीबाईंनी आधी मार्थाकाकूकडे पाहिलं, मग दोघींनी बरोबरच वर केले. बाबांना कुणी काही विचारलं नाही. ते मांडीवर हात ठेवून नुसते बसले होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

ठरलं! रोजची प्रार्थना बंद, आता फक्त रविवारी.

आमच्यात मीटिंग प्रार्थनेनं संपवतात. त्याशिवाय कुणी जागचं उठत नाही. याकोबदादांनी समाधानानं टोपी काढून मांडीवर ठेवली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

"पाळकसाहेब," दादा म्हणाले, "आता तुमी एक प्रार्थना करा, म्हणजे मीटिंग संपली."

बाबा भिंतीला धरून उठले. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली.

"आज बुधवार हाय, याकोब," ते म्हणाले. "रविवारी करू."

आणि ते दारातून बाहेर पडले.

सगळ्यांनी डोळे उघडले. याकोबदादा हेडमास्तरांना म्हणाले, "मास्तर, तुमी करा." मास्तर म्हणाले, "मी? छे छे, तुम्ही अध्यक्ष." दादांनी दानिएलकडे पाहिलं. दानिएल म्हणाला, "मले सवय नाही राह्यली." सालोमीबाईंनी मार्थाकाकूला कोपर मारलं, मार्थाकाकूंनी त्यांना परत मारलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी पंच नाही," मी म्हटलं.

मी कपबशा गोळा करून घरी आणल्या, धुतल्या. बाबांना वाढलं, ते जेवले, त्यांचं ताटही उचललं. हॉलमधून अजून एकही माणूस बाहेर आला नव्हता.